तातडीचा कप्पा

१४ ऑक्टोबर, सोमवार

निश्चय. आजपासून मेलची गुलामी बंद. सकाळी इनबॉक्स उघडला तर चारशेच्या वर मेल. निम्म्या गेनादीच्या. हा शेजारच्याच टेबलावर बसतो, पण शिंक आली तरी सगळ्या ऑफिसला कॉपी टाकून कळवतो. बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या कंपनीत लिहिण्यासारखं असतं तरी काय एवढं?

नवी सिस्टीम बनवायला घेतली. नाव 'गाळणी'. तीन कप्पे: आज, शुक्रवार, कधीतरी. पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर जाणार: 'तुमचा मजकूर मिळाला. योग्य वेळी योग्य ते केले जाईल.' वाक्य मी स्वतः रचलं. भारदस्त आहे.

पुढच्या सोमवारी संचालकबाईंना दाखवायचं. मग विभागप्रमुख मीच होणार. झ्द्राव्काला सांगितलं. बायको म्हणून काही कौतुक? म्हणाली, दर वर्षी एकदा तू जग सुधारतोस, आधी बाल्कनीतल्या मिरच्या भाज, मऊ पडायला लागल्यात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सगळ्यात हुशारीचा नियम आज सुचला. विषयात 'तातडीचे' असलेली मेल थेट 'कधीतरी'त. कारण तातडीचे हल्ली सगळेच लिहितात. गेनादी म्हणाला, बाबा रे, ऑफिसला आग लागली तर तुला कळवायचं कसं? जळतो माझ्यावर.

दुपारी पहिली मेल तिकडे सरकली. बाबांची! म्हणजे नियम चालतो. ओझरतं वाचलं. शनिवारी गावच्या दारूच्या भट्टीवर आपली पाळी आहे, आलुबुखार छान आंबलेत, पिंपं एकट्याने उचलवत नाहीत, ये.

बाबा एकोणऐंशीचे, पण मेल करतात. मीच शिकवलं. फोनने माझी एकाग्रता मोडते. म्हणून बजावून ठेवलं होतं, काही असेल तर मेल करा आणि विषयात 'तातडीचे' लिहा, म्हणजे माझं लक्ष जाईल. बिचारे एकदाही विसरत नाहीत. अर्थात तेव्हा गाळणी नव्हती. ती गोष्ट वेगळी.

शनिवारी जायचं. नक्की.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गाळणीचा पहिला समाधानी ग्राहक! आपोआप गेलेल्या उत्तराला बाबांचं उत्तर आलं. 'बरं झालं बाळा. तू वेळेवर येशील हे ठाऊकच होतं. वाट बघतो.' प्रेझेंटेशनमध्ये घालणार, नाव झाकून.

झ्द्राव्काला दाखवलं. हसली नाही. म्हणाली, अरे, ते यंत्राशी बोलतायत. आत्ताच्या आत्ता फोन लाव त्यांना. म्हटलं, लावतो. मग स्लाइडच्या रंगात अडकलो. मिरच्याही राहिल्या.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

'शुक्रवार' कप्पा उघडायचा दिवस. तुंबलाय. उघडला नाही.

उद्याचं अवघड दिसतंय. गावाला जायला दोन तास, यायला दोन. शिवाय भट्टीवर गेलं की चव घेत घेत दुसरा दिवसही बुडतो. पुढच्या आठवड्यात जाईन. भट्टी काय पळून जाते? बाबांना सगळं समजावणारी मेल लिहायला घेतली. झ्द्राव्का म्हणाली, मग मीच फोन करून टाकते. म्हटलं, मध्ये पडू नकोस, मी सविस्तर कळवतोय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्लाइड पूर्ण. निळा रंग. बाबांच्या आणखी दोन मेल आल्या, दोन्ही आपोआप 'कधीतरी'त. सिस्टीम उत्तम चालते आहे.

कालची मेल मसुद्यातच राहिली. उद्या पाठवतो.

२० ऑक्टोबर, रविवार

गोचो काकांचा फोन आला. बाबांचे शेजारी. झ्द्राव्काने घेतला आणि खाली बसली.

काल बाबा दुपारपासून फाटकाशी उभे होते. काका त्यांना म्हणाले, स्तामेन, किती वेळ उभा राहशील, चल मी हात लावतो. बाबा म्हणाले, नको, माझ्या ल्युबेनचं लेखी आलंय, तो येतोच आहे. अंधार पडायला लागला, पाळी हातची जाणार, म्हणून पहिलं पिंप एकटेच गाडीवर चढवायला गेले. तिथेच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

प्रेझेंटेशन आठवडाभर पुढे ढकलायला सांगितलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना पोचवून आलो. मृत्यूची पत्रकं मीच चिकटवली. फाटकावर, दुकानाच्या दारावर, भट्टीच्या भिंतीवर. फोटोत बाबा टोपी घालून हसतायत. येणारा जाणारा थांबायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग पुढे जायचा. एवढासा कागद, पण एकानेही तो चुकवला नाही. मनात आलं, अशी सिस्टीम पाहिजे. लाज वाटली. पण विचार काही जाईना.

गोचो काकांनी आपली पाळी देऊन बाबांची पिंपं भट्टीवर नेली होती. हातात बाटली दिली, अजून कोमट होती. म्हणाले, घे, तुझ्या बापाच्या आलुबुखारांची रकिया आहे. पहिला पेला तुझ्यासाठी काढून ठेवायचा म्हणत होता.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिस. गेनादी टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, मेल नाही केली, म्हटलं तोंडानेच सांगावं, फार वाईट झालं रे.

अकराला प्रेझेंटेशन. आवाज बरा लागला. 'तातडीचे हल्ली सगळेच लिहितात' या स्लाइडवर संचालकबाई म्हणाल्या, उघडून दाखवा पाहू तो कप्पा, किती वैताग वाचला ते कळेल सगळ्यांना. उघडला. मोठ्या पडद्यावर.

गेनादीची एकही नाही. हिशेबवाल्यांची नाही. कुणाचीच नाही. वरपासून खालपर्यंत एकच नाव, बाबांचं. प्रत्येकीखाली माझं उत्तर, योग्य वेळी योग्य ते केले जाईल. शेवटची त्या शनिवारची: 'पाळी संध्याकाळपर्यंत आहे. रस्ता ओला आहे, गाडी सावकाश चालव.'

संचालकबाई हळूच म्हणाल्या, बंद करा ते. गेनादीने उठून बंद केलं.

घरी येऊन गाळणी काढून टाकली. मिरच्या सडल्या होत्या, त्या टाकल्या. मग बाबांना उत्तर लिहायला बसलो. विषयाच्या जागी काय लिहावं ते कळेना.