सहावी नदी

सोमवार, १६ जून
आज वर्गात धडधडीत खोटं बोलले!
दहावीची बत्तीस पोरं. मी काहीही सांगितलं की एका सुरात 'व्हय मॅडम'. म्हटलं, बघूच. फळ्यावर लिहिलं — पंचगंगा सहा नद्यांची मिळून होते. बत्तीस माना खाली. बत्तीस वह्यांत सहा नद्या. एकीनं तर 'सहा'खाली लाल रेघ मारली! अगं, नावातच पाच आहे की!
रिक्षात बसेपर्यंत हसत होते. मग हसू गेलं. ही सवय त्यांना लावली कोणी? वीस वर्षं मीच तर शिकवतेय.

मंगळवार, १७ जून
जाहीर केलं — रोज एक थाप मारणार. पकडेल त्यानं माझ्या खुर्चीत बसायचं, मी त्याच्या बाकावर.
मागून प्रश्न : "मॅडम, थाप कितव्या पानावर असणार?"

शुक्रवार, २० जून
सापडली! दीक्षाला. नेसरीची पोर, इथं मावशीकडे राहते, वर्गात कधी तोंड उघडत नाही. मी म्हटलं, कोल्हापुरात सूर्य कोकणाच्या बाजूनं उगवतो. ती अर्धवट उठली, माझ्याकडे बघून बसली. पुन्हा उठली. "मॅडम, तिकडं तर त्यो मावळतोय की!"
टाळ्या! ती खुर्चीत अगदी कडेला टेकली. मी बाकावर. बाकाला खिळा वर आलाय. साडी अडकली. इतकी वर्षं कुणी बोललं नाही!

मंगळवार, २४ जून
वर्गातल्या अमरसिंहचे वडील बाबासो आले. बावड्याहून थेट. आवाज खाली रस्त्यापर्यंत — "क्लासात खोटं शिकवताय व्हय? पोरगं आता घरात मलाच इचारतंय, कशावरनं?"
मला आतून गुदगुल्या. पण क्लासचे मालक विजयसिंह सर हसले नाहीत. "शनिवारी पाचला पालकसभा. त्यांना पटलं तर ठीक. नाहीतर मॅडम, तुम्ही दुसरा क्लास बघा."
ही पोरं सोडून कुठं जाऊ?

शुक्रवार, २७ जून
सभेत बोलायला चार पानं लिहिली. पाठही केली — मीच!
सुटताना पोरं म्हणाली, "मॅडम, सभा सोमवारवर गेली. सरांनी सांगितलंय." एका सुरात. हुश्श! दीक्षा मान खाली घालून दप्तर आवरत होती. उद्या निवांत मेंदी लावते केसांना.

शनिवार, २८ जून
डोक्यावर मेंदी आणि सरांचा फोन — "अहो, सभेला का आला नाहीत?"
सभा झाली! माझ्या खुर्चीत दीक्षा. पालकांना उत्तरं पोरांनीच दिली. "बाबासो काय म्हणाले?" मी घाबरत विचारलं. सर पुटपुटले, "जाताना आपला बोर्ड वाचून विचारत होते — एक नंबरचा क्लास, कशावरनं? ...सोमवारी वेळेवर या. बाकाचा खिळा ठोकून घेतोय."
दीक्षाच्या मावशीला फोन लावला. दीक्षाला द्या म्हटलं. का गं केलंत असं?
"तुमी असता तर आमी तुमच्याच तोंडाकडं बघत बसलो असतो की."
मग हळूच —
"आणि मॅडम, सरांना इचारायचं तरी एकदा!"