शंभर वर्षांचे जुने गाणे, हात लावू नये

जे गाणं कधी नव्हतंच, ते माझे वडील आता मनापासून गातात. मग त्याला खोटं कसं म्हणायचं?  ते सुटेल तेव्हा सुटेल; मी, अश्लेषा देवाप्पा तेली, वय सव्वीस, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवते. तब्येत बरी आहे, घाण्याचा विषय सोडला तर डोकंही ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही, पण निमित्त आहे. देवनहळ्ळीजवळ जुने ग्रामोद्योग पुन्हा उभे करून दाखवणाऱ्या केंद्रात मी पर्यटकांना माहिती सांगते. आमचा तेलाचा घाणा तिथेच मांडला आहे. वस्तू देणाऱ्या प्रत्येकाने आपल्यानंतर ती कोणाची हे लिहून द्यावं, असं केंद्राने कळवलं आहे. घाण्यापुरतं लिहायला बसले, मग म्हटलं बाकीचंही उरकू.

१. घर. माझ्या नावावर घर नाही. खोली भाड्याची आहे, तिची अनामत आई शालन हिला मिळावी.

२. बचत. बँकेत असेल ते आईचं. तिला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यावर आई म्हणाली, "मग मला काही देऊ नको, पण सही करू दे. आत्ता कुठं शिकलेय." तिला कागदाच्या पाठीमागे सही करू दिली आहे. त्या सहीला कायद्याने अर्थ नाही. पैसेही आईचेच.

३. पुस्तकं आणि लॅपटॉप भाऊ दयानंदच्या मुलीला. पदवीचं प्रमाणपत्र देत नाही, तिने स्वतःचं मिळवावं.

४. राग. केंद्राच्या फलकांचं मराठी ज्याने केलं, त्याच्यावर माझा राग होता. कन्नडमध्ये घाण्याला 'गाण' म्हणतात. त्याने ते मराठीत 'गाणे' केलं. आमच्या घाण्यासमोर फलक लागला: 'शंभर वर्षांचे जुने गाणे. हात लावू नये.'

मी दुरुस्तीचा अर्ज दिला. तो मंजूर व्हायच्या आधी पुण्याची एक मुलगी, नाव मैत्रेयी, तिथे घाणा चालवून दाखवणाऱ्या माझ्या वडिलांसमोर, अप्पांसमोर, येऊन उभी राहिली. "काका, गाणं कुठंय? आणि टच करू नका म्हणजे काय, रेकॉर्ड आहे का?"

अप्पा घाणा चालवताना कधी बोलतसुद्धा नसत. पण पाहुणी रिकामी कशी परत पाठवायची? त्यांनी आमच्या गावाकडच्या चिकोडी ते निपाणी रस्त्यावरचे बसथांबे ओळीने चालीवर म्हटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता शनिवार-रविवारी 'पारंपरिक घाणागीत' असा कार्यक्रम असतो. मी फलकाची आठवण करून दिली तेव्हा व्यवस्थापक पद्मनाभ सर म्हणाले, "स्वल्प विचार करा. फलक बदलला तर अप्पांना काय काम देऊ?"

त्यामुळे राग कोणाला देऊन जावं तेही आता कळत नाही. ते कलम रद्द समजावं.

५. घाणा. दगडी उखळ, त्यात फिरणारी बाभळीची लाट, बैलाचं जू, सगळं मिळून. हा अप्पांचा आणि त्यांच्या आधी आजोबांचा. केंद्राच्या करारात मालक म्हणून माझं नाव लागलं, कारण इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटी. जुन्या कामाला मान मिळेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण तिथे घाण्यात दाणे घालू देत नाहीत, फरशीला तेलाचे डाग पडतात म्हणून. बैल रिकामा घाणा ओढतो आणि अप्पा बसथांबे गातात.

दयानंदला घाणा गावी हवा आहे. तो फोनवर म्हणाला, "अक्का, घाण्याला नाटकात घातलीस तू. इकडं आण, करडईचं तेल काढतो." केंद्राला तो कायमचा हवा आहे. गावी गेला तर तेल निघेल, पण अप्पांचं गाणं कोण ऐकणार? मागच्या रविवारी ते गाताना हसत होते. शेतावर, घरात, लग्नाकार्यात मी त्यांना तसं हसताना पाहिलेलं नाही. आणि इथे राहिला, तर त्या घाण्यातून पुन्हा तेलाचा थेंब येणार नाही.

मी अप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "कागद तुझा. तू ठरव."

ज्या माणसाने आयुष्यभर तो घाणा चालवला, तो मला 'कागद तुझा' म्हणाला. त्यानंतर मला कोणत्याच बाजूने विचार करता येईना.

म्हणून काल बक्षीसपत्र करून घाणा मी अप्पांच्या नावे केला. एक प्रत केंद्राला पोचती केली आहे. अप्पांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आता मृत्युपत्र मी लिहायचं?" मी हो म्हणाले. ते काय ठरवतील, मला माहीत नाही. केंद्राने यापुढे त्यांनाच विचारावं. ते गात असतील तर संपेपर्यंत थांबावं.

हे सगळं मी स्वतः लिहून, दोघा साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे. दोघांनीही माझ्यासमोर सही केली.

सही: अश्लेषा देवाप्पा तेली

साक्षीदार:
१. रोशन, केंद्राच्या तिकीट खिडकीवर असतो
२. भाग्यलक्ष्मी अक्का, घरमालकीण. मजकूर कन्नडमध्ये समजावून सांगितला, 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या

ठिकाण: बनशंकरी, बेंगळुरू
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५