आंबिलीतली गोळी

जव्हार, मंगळवार, १५ मे २००१

अजून डोकं तापलेलंच आहे. दाभोशाच्या जान्याची दारू सुटावी म्हणून आमच्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सोनीला, गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, आंबिलीत मिसळ, त्याला कळू देऊ नकोस. त्या गोळीवर दारू प्यायली तर जीवही जाऊ शकतो. सोनीने पहिली गोळी रविवारी सकाळी घातली, आणि त्याच दिवशी जान्याच्या पुतणीचं लग्न होतं. देवाला दारूची धार सोडून पहिला घोट घरातल्या मोठ्याने घ्यायचा असतो. जान्याने घेतला आणि मांडवातच कोसळला. वाचला, एवढंच.

निवृत्त नर्सला कोण विचारतं, तरी आज दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणतात, "बाई, बेवड्याला काय विचारायचं?" मी म्हटलं, "मग गुरांचे डॉक्टर व्हायचं होतंत." गोळीला माझी ना नाही. पण आंबिलीत लपवून का?

शेवटी मीच आत वॉर्डात जान्याच्या खाटेपाशी बसले. तुला काय हवंय, म्हटलं.

तो उठून बसला. "दारू मला पन सोडायची हाय, बाई. मला कोनी इचारलंच नाय. गोली मी माझ्या हातानं खाईन, सोनीसमोर. देवाला धार सोडीन, घोट भावाला देईन."

"आन भाऊ पडला तं?" खाटेच्या पायथ्याशी बसलेली सोनी म्हणाली.

"त्याच्या आंबिलीत तू थोडीच गोली घालतेस."

सोनी पदराआड हसली. डॉक्टर मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी स्टूल ओढलं. "जान्या, गोळी सकाळी घेशील की रात्री?"

जान्याने विचार केला. "सकाली. सांजचा मी माझा पन ऐकत नाय."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं.