उनकाईच्या मागची माणसं

८ ऑक्टोबर १९४२
आज एकदाचा 'उनकाई'वर चढलो. विमानवाहू जहाज म्हणजे काय प्रकरण असतं ते चढल्याशिवाय कळत नाही. आमच्या गावचा अख्खा धक्का, होड्यांसकट, या डेकवर मावेल. मला टेहळणीवर घातलंय. तिवईवरची भली मोठी दुर्बीण, उजव्या बाजूचा मागचा पट्टा, आणि डोळ्यांसाठी रोज माशाच्या तेलाच्या दोन गोळ्या. जेवायला बार्ली घातलेला भात नि मुळ्याचं लोणचं. लेमनेड तर जहाजावरच बनतं. शेजारच्या दुर्बिणीवर ओसाकाचा मिझोबे आहे. म्हणाला, पिऊन घे बाबा पोटभर, बुडताना खारंच प्यायचंय. तोंडाला कुलूप नाही त्याच्या, पण माणूस भला.

तोकुजीदादा याच जहाजावर होता. ऑगस्टच्या लढाईत, सॉलोमन बेटांपाशी, अमेरिकन बॉम्बने गेला, असं घरी पत्र आलं. मी अर्जांवर अर्ज करून हेच जहाज मागून घेतलं. त्या अमेरिकनांना सोडणार नाही.

११ ऑक्टोबर
दक्षिणेला निघालो. सगळ्यांनी डेकवर रांगेत उभं राहून टोप्या हलवल्या. आरमारात निरोप असाच देतात, टोपी डोक्यावर सावकाश गोल फिरवायची. मिझोबे मात्र टोपी हातात धरून तसाच उभा. आमचे टेहळणीप्रमुख कुरोइवासाहेब खेकसले, हात मोडलाय का तुझा. मग त्याने फिरवली. जेवताना कारण विचारलं, तर म्हणाला, तू नवा आहेस, मुकाट जेव.

१५ ऑक्टोबर
भर दुपारी, लख्ख उन्हात, जहाजामागे पाण्यात डोकी दिसली. नारळ असतील म्हणून काच पुसली. माणसं होती. एकतीस. डोक्यावर आपल्याच आरमाराच्या टोप्या. हात मारत नव्हती, तरी एवढ्या वेगात मागेही पडत नव्हती. मी ओरडून कळवलं. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला, पाण्यात काही नाही म्हणाले, आईची आठवण पाण्यात दिसायला लागली का म्हणून हसले, आणि सगळ्यांदेखत दंडुक्याचे बारा फटके दिले. बसता येत नाही, उभ्यानेच लिहितोय. पण मारताना साहेबांची नजर माझ्यावर नव्हती, जहाजामागच्या पाण्यावर होती.

१७ ऑक्टोबर
मिझोबेच्या मागेच लागलो, तेव्हा बोलला. दादा बॉम्बने मेला नव्हता. स्फोटाने एकतीस जण समुद्रात फेकले गेले, जिवंत. पाणबुडीच्या भीतीने जहाज थांबलं नाही. ते हाका मारत होते. कुरोइवासाहेबांनी वरून सांगितलं, मागून विनाशिका येतेय, ती उचलेल. आणि आपल्या लोकांना टोप्या हलवायला लावल्या. मागून कुणीही येत नव्हतं. साहेबांना ते ठाऊक होतं. मिझोबेनेही टोपी हलवली. दादानेही पाण्यातून हलवली, हसत हसत. एवढं सांगून मिझोबे रडायला लागला.

मला रडू आलं नाही. आईने ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज त्याच्यापुढे भात ठेवते. अमेरिकनांचं नंतर बघू. आधी कुरोइवा. त्याला मी इथून पुढे साहेब लिहिणार नाही.

२१ ऑक्टोबर
रोज येतात, दुपारीच. आता चेहरे दिसतात. सगळ्यांत पुढे दादा. टोप्या फिरवत असतात, सावकाश. मिझोबेलाही दिसतात. मी कळवत नाही. येऊ देत जवळ.

२४ ऑक्टोबर
मिझोबे सकाळी हजेरीला नव्हता. जहाजभर शोधलं. कठड्यावर त्याची टोपी सापडली, ओली. दुपारी पाण्यातली डोकी मोजली— बत्तीस.
वाईट वाटलं. पण त्याने टोपी हलवली होती ना. मी तेव्हा इथे नव्हतो. मला काय होणार.

२५ ऑक्टोबर
भीती आहे, राग त्याहून जास्त. कुरोइवा मागे येऊन विचारतो, काही दिसतं का रे. आवाज एकदम मऊ. म्हटलं, काही नाही साहेब. त्याला बरं वाटलं. वाटू दे—

२६ ऑक्टोबर, दुपार
टेहळणीवरच. वही गुडघ्यावर.
डोक्यांच्या मधून पांढऱ्या रेघा निघाल्या. चार. सरळ आमच्याकडे. टॉर्पेडो. अमेरिकन पाणबुडी असणार— ज्यांना मारायला आलो तेच माझं काम करतायत.
ओरडलो तर जहाज वळेल. अजून वेळ आहे—
कुरोइवाने विचारलं. सांगितलं, समुद्र साफ.
घे दादा. हा तुझा.
खाली हजारभर माणसं जेवायला बसलीयत, त्यांचं काय—
नाही. समुद्र साफ.
डोकी पाण्यात नाहीत आता. कठड्यावर ओले हात— चढतायत— दादा पुढे—
कुरोइवाजवळून गेला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही—
इकडे येतोय.
दादा, मी एइजी. तुझ्यासाठीच गप्प बसलो—
ओळखत नाही. टोपीकडे बघतोय माझ्या, मीच हलवली होती असं समजून—
दादा मी नाही हलवली, मी तेव्हा जहाजावर नव्ह—