कपाटाच्या दारावरचा नकाशा

रविवार, ९ मार्च

प्रिय पान्या,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारलेली तुला आता चालते की नाही ठाऊक नाही. पण लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपणाऱ्याला दुसरं काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा बाबा जास्त. गोदामातलं तुझं काम नीट चाललं असेल असं धरून चालते, कारण सहा वर्षांत तू एकदाही काही कळवलेलं नाहीस. मीही विचारलेलं नाही, ते सोड.

पत्राला कारण की घरात पाणी भरलं होतं. घाबरू नकोस, सगळं माझ्या ताब्यात आहे.

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी कामावरून आले, दार ढकललं, तर उंबऱ्याशी काढलेली चप्पल माझ्या डोळ्यांदेखत तरंगत निघाली. आत घोटाभर पाणी. मधल्या खोलीतली, न्हाणीघराला लागून असलेली भिंत फुटल्यासारखी वाहत होती. बाबा दुपारी झोपले होते ते जागे झाले तेव्हा पलंगाचं बेट झालेलं. पाय वर घेऊन बसले होते आणि मला म्हणतात, चहा टाक, मला उतरता येत नाहीये. मी आधी मुख्य कॉक बंद केला, मग बाबांना उतरवलं आणि मग खरंच चहा टाकला.

पुढचं सगळं सांगते, कारण इथे माझं कौतुक करायला कुणी नाही. दोन गाद्यांपैकी एक वाचवली. कपाटाचा तळ फुगून त्याचे पापुद्रे सुटले, तो काढून नवा बसवून घेतला. प्लंबर म्हणाला, नळीला तात्पुरता तुकडा लावतो, चार दिवसांत भिंत रंगवून मोकळे व्हा. मी म्हटलं, ओल्या भिंतीला रंग म्हणजे तापल्या कपाळाला पावडर. कमरेच्या वरपर्यंत सगळा गिलावा काढायला लावला, पार विटा दिसेपर्यंत. दिवसभर खिडक्या उघड्या आणि दोन पंखे भिंतीकडे तोंड करून. रोज संध्याकाळी विटांवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवायचा आणि सकाळी आतून दव धरलंय का बघायचं. काल पहिल्यांदा प्लास्टिक कोरडं निघालं. मी ते बाबांच्या नाकासमोर नाचवलं.

एवढं वाचून तू म्हणत असशील, ही पाल्हाळ लावतेय, फुटलं कुठे ते सांगत नाही. बरोबर ओळखलंस.

गिलावा फोडल्यावर आधी तू केलेला नळीचा जोड निघाला. कोपऱ्यातला, ज्याच्यावर बाबांनी सगळं खापर फोडलं होतं तोच. कोरडा ठणठणीत. प्लंबरने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कुणी केलाय? आमच्याकडे येईल का कामाला?" बाबा स्टूल ओढून त्या जोडासमोर बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत.

गळत होतं ते त्या जोडाच्या दीड वीत वर. नळीत खिळा होता. आरशाचा.

तो मी मारला होता, पान्या. तू नळी टाकलीस, बाबांनी वरून गिलावा केला, त्याला जेमतेम महिना झाला होता. आरसा लावायला तुम्हा दोघांची वाट बघण्याइतका धीर माझ्यात कधी होता? खिळा निम्मा नेहमीसारखा गेला आणि मग एकदम मऊ लागला. खिळ्याच्या कडेने पाण्याचा एक थेंब आला. मी तो ओढणीने पुसला. दुसरा आला नाही, म्हणून आरसा टांगला आणि केस विंचरले. प्लंबर म्हणतो, खिळाच बुचासारखा बसला होता. इतकी वर्षं नुसतं झिरपत राहिलं, आता खिळा गंजून गेला तेव्हा फुटलं.

सहा वर्षांपूर्वी भिंतीला ओल दिसली त्या दिवशी बाबा शेजाऱ्यांदेखत तुला म्हणाले, "पाना खाली ठेव. तुझ्या हातात काम नाही." तू म्हणालास, भिंत फोडून बघा. बाबांनी आपला गिलावा फोडू दिला नाही. मग तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणालास, "ताई, तू तरी सांग." मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

मला खात्री नव्हती, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. खात्री नसती तर तो थेंब पुसला कशाला असता?

अजून एक आहे आणि ते लिहिताना मला फार लाज वाटते आहे. तू नळ्या टाकल्यास त्याच आठवड्यात मी कपाट आवरलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचा गिचमिडा दिसला, तो न वाचताच त्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवून टाकला. परवा तो कागद ओलीने सुटून आला. खाली भिंतीतल्या नळ्यांचा अख्खा नकाशा, जमिनीपासूनच्या मापांसकट. एका उभ्या रेषेपुढे बाण आणि त्यापुढे तुझ्या अक्षरात: "या रेषेवर खिळा नको. ताई, तुलाच सांगतोय."

आरसा तू रोज बघत होतास. तरी माझ्यावर संशय घेतला नाहीस. ताईने वाचलं असेल, माप घेऊनच खिळा मारला असेल, असं तू धरून चाललास. मी तुझी गुन्हेगार आहे, पान्या. मला क्षमा कर, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते.

बाबांना मी सांगितलं, पण त्यालाही दोन दिवस घेतले. ते म्हणाले, "खिळा तुझा, हट्ट माझा. त्याला लिही." दुसऱ्या दिवशी मी त्याच शेजाऱ्यांना घरी बोलावलं, तुझा जोड दाखवला आणि खिळा कुणाचा तेही सांगितलं. कपाटाला नवं दार बसवायला सुतार तयार होता, मी नको म्हटलं. ते दार तसंच राहील.

आता भिंत कोरडी आहे आणि उघडी आहे. तात्पुरता तुकडा काढून तिथे कायमचा बसवायचा आहे. प्लंबर बुधवारी येतो म्हणत होता, त्याला बाबांनीच नको म्हणून सांगितलं. त्यांनी गिलाव्याची वाळू चाळून ठेवली आहे. म्हणतात, आधी पोराची नळी, मग माझा हात. तुझा पाना इथेच आहे, तेल लावून ठेवलाय. येणं जमणार नसेल किंवा मनातच नसेल, तरी रागावणार नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही. भिंत मात्र तुझं उत्तर येईपर्यंत बुजवणार नाही.

जुना आरसा पडून फुटला. नवा आणलाय, तो खाली जमिनीवर टेकवून ठेवलाय. त्यात सध्या माझे नुसते पाय दिसतात. कुठे लावू, ते तू सांग.

तुझ्या उत्तराशिवाय हातोडीला हात न लावणारी,
ताई