पाचव्या पट्ट्यातील चाळीस झाडे

४ फेब्रुवारी

हेंतालखाली बेटावर पोहोचले. भटभटीत, म्हणजे इंजिनाच्या होडीत, चार तास बसून पाय आखडले होते. धक्क्यावर उतरताना एक चप्पल चिखलाने गिळली, आणि मी मोठ्याने हसले. मला मोठ्याने हसण्याची सवय नाही.

मुक्काम शैलबाला मासीकडे. नदीच्या वळणावर, मातीच्या बांधाला पाठ टेकून तिचे घर उभे आहे. भरतीच्या वेळी अंगणात बसले, की नदी आपल्या डोक्यापेक्षा उंचावरून वाहत असते. मासीच्या नवऱ्याला वाघाने नेले त्याला बावीस वर्षे झाली. जिल्ह्यात पहिली आले होते, हे मी तिला सांगितले नाही. पण माझ्या पिशवीतली पुस्तके पाहून ती म्हणाली, की एवढं वाचून अंगावर मूठभर मांस चढलं नाही, तर त्या विद्येचा उपयोग काय. आणि माझ्या भातावर आणखी दोन कोळंब्या वाढल्या.

कांदळवन माणसांसाठी जे जे करते, म्हणजे भरतीचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते, माशांची पिल्ले वाढवते, ते मोजायचे, आणि देशाच्या जमाखर्चात त्याची नोंद होईल असे आकडे कोलकात्याला माझ्या वरिष्ठ सुचरितादींकडे पाठवायचे, हे माझे काम. मला होडीतून नेणारे गौरहरीकाका हे ऐकून खदखदून हसले. म्हणाले, "म्हणजे दिदिमणी जंगलाचा पगार ठरवायला आली! ठरव बाई, पण आमच्या वाघाचा भत्ता विसरू नकोस."

९ फेब्रुवारी

मोजणीसाठी जंगलाचे पट्टे आखले आहेत, त्यांतले चार पूर्ण झाले. प्रत्येक पट्ट्यात चाळीस झाडे. जमिनीपासून बरोबर एकशे तीस सेंटिमीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, पत्र्याचा क्रमांक असलेला बिल्ला ठोकायचा. तिथेच टेप गुंडाळून घेर घ्यायचा. मग उंची, मग प्रजाती. १ ते १६० बिल्ले लागले. हातांना चिखलाचा वास येतो, तो मला आवडू लागला आहे.

काकांची एक रीत आहे. जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी ते बनबीबीला, जंगलाच्या देवीला, हात जोडतात, किती जण उतरतो ते मोठ्याने सांगतात, आणि परत होडीत बसल्यावर पुन्हा मोजतात. मी कारण विचारले. ते म्हणाले, की माणूस कमी भरला तर आम्ही रडतो. जास्त भरला, तर वल्ह्याला हात लावत नाही. जंगलात खोटं बोलू नये, गरजेपेक्षा जास्त घेऊ नये आणि आपलं काही मागे टाकू नये, एवढेच नियम.

१३ फेब्रुवारी

आज जे केले ते लिहिलेच पाहिजे, कारण दुसऱ्या कोणालाही सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

पाचवा पट्टा मासीच्या घरामागचा, बांधापलीकडचा, नदीच्या वळणावरचा. सकाळी दाट धुके होते. काठाच्या चिखलात वाघाचा पंजा उमटला होता. त्यात अजून पाणी झिरपत होते. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि उतरायचे की नाही, ते माझ्यावर सोडले. मी उतरले नाही. धुक्यातून हिरवे काहीतरी दिसत होते, तेवढ्यावर मी होडीतच बसून चाळीस ओळी भरल्या: चौथ्या पट्ट्यातले आकडे, इकडे दोन सेंटिमीटर वाढवलेले, तिकडे तीन कमी केलेले. मग १६१ ते २०० हे बिल्ले, खिळ्यांसकट, पाण्यात सोडले.

शाळेत मी कधी शेजारणीच्या वहीत डोकावलेसुद्धा नव्हते.

काका एवढेच म्हणाले, की बरं झालं, आज झाडं होडीतच उगवली. नंतर सवयीने त्यांनी मोजणी केली. आम्ही दोघेच होतो. त्यांनी दोनदा मोजले, आणि पुष्कळ वेळ वल्ह्याला हात लावला नाही.

२० फेब्रुवारी

सुचरितादींचा फोन आला. माझे काम त्यांना फार आवडले. संगणकातल्या प्रारूपानुसार पाचवा पट्टाही चौथ्याइतकाच दाट. तिथे झाडेच लाटेचा जोर मोडतील. म्हणून यंदा बांधाला लावायचा दगड बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाणार.

पंचायतीची माणसे मासीला हे सांगायला आली. तिने मला विचारले, की तू स्वतः मोजलीस ना झाडं. मी हो म्हणून मान हलवली. मग झालं, असे म्हणून ती गायीला पेंढा घालायला गेली.

संध्याकाळी ओहोटी असताना बांधावर चढून पाहिले. पाचव्या पट्ट्यात अकरा झाडे आहेत. बाकी बुंधे. मागच्या वादळाने मोडलेली, किंवा सरपणाला गेलेली. धुक्यातून दिसले होते ते हेंतालाचे, म्हणजे रानखजुरीचे, झुडूप.

सुचरितादींना पत्र लिहिले. पाठवले नाही. बाबांनी माझ्या निकालाचे कात्रण चौकटीत लावून ओसरीवर टांगले आहे, हेच डोळ्यांसमोर येत राहिले.

२६ फेब्रुवारी

मासीच्या खेकड्यांच्या पिंजऱ्यात एक बिल्ला निघाला. क्रमांक १६१. मासी हसून म्हणाली, की बघा, आता खेकडेही नंबर लावून येऊ लागले. मी तो माझ्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी लपवला.

२७ फेब्रुवारी

१६१ ओसरीच्या पहिल्या खांबावर ठोकलेला आहे. पेटीचे कुलूप जसेच्या तसे. मी टेप लावून पाहिला: जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटर.

५ मार्च

१६८ पर्यंत. रोज एक, कधी दोन. ओसरीचे सहा खांब झाले, गोठ्याचे दोन झाले. प्रत्येक खांबाभोवती, बिल्ल्याच्या उंचीवर, ओल्या चिखलाची एक रेघ असते. कुणीतरी टेप गुंडाळून सोडवावा तशी.

मला लाजवण्यासाठी काकाच हे करत असतील, असे वाटून मी त्यांच्याकडे गेले. तसे असावे, अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. त्यांनी बनबीबीची शपथ घेतली. म्हणाले, की जंगलाला तू चाळीस झाडं देणं लागतेस, पोरी. ते आपली मोजणी पुरी करून घेतंय. खरं सांगून टाक, अजून वेळ आहे.

मी उद्या सांगते म्हटले.

११ मार्च

सांगितले नाही. सुचरितादींना फोन लावला, त्यांनी उचलला, आणि मी हवेविषयी बोलले.

१७ मार्च

१८५. खांब संपले, आता कुंपणाचे बांबू. वाळून कोरड्याठाक झालेल्या बांबूंची साल ओली लागते. बोट लावून चाखले. खारट.

मासी म्हणते, सरकारी काम आहे, चालू द्या. माझ्यावरचा तिचा विश्वास मला बिल्ल्यांहून अधिक भिववतो.

२२ मार्च

स्वयंपाकघराच्या सारवलेल्या जमिनीतून टोके वर आली आहेत. बोटभर उंच, करडी, शेकड्यांनी. कांदळाची श्वासमुळे. मासीने कोयत्याने छाटली. दुपारपर्यंत पुन्हा —

ती माझ्या खाटेकडे वळलेली आहेत.

२७ मार्च

१९९. गोठ्याचे दार.

एकच उरला. घरात आता बिल्ल्याविना उभे असे काही उरलेले नाही, आम्हा दोघींखेरीज.

२८ मार्च

शेवटी सांगितले. सुचरितादी इतकेच म्हणाल्या, की दगड दुसऱ्या टोकाला उतरला आहे, हलवायला दहा दिवस लागतील. अमावास्येचे उधाण उद्या दुपारी. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर —

मासी पाणी भरून आली. गळ्यात काळ्या दोऱ्यात बिल्ला. २००. घाटावर पायाशी आला म्हणाली. सरकारी वस्तू आहे, लागेल कधीतरी, म्हणून घातला. छातीवर, बरोबर —

तिच्या पावलांना चिखल लागलेला. धुतला तरी निघत नाही.

२९ मार्च. सकाळ

काका होडी घेऊन आले. वळणावरच्या सगळ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीकडे नेणार. मासी निघेना. पोरीने मोजलंय, बांधामागे चाळीस झाडं आहेत, म्हणाली.

मग मी सर्वांसमोर बोलले, की मी मोजली नाहीत. मी होडीतून उतरलेच नव्हते. अकरा आहेत.

मासीने माझ्याकडे पाहिले. तसे माझ्याकडे कोणी कधी पाहिलेले नाही. मग तिने गायीचे दावे सोडले. आधी सांगितलं असतंस, तर तांदळाचं मडकं तरी उचललं असतं गं, एवढेच म्हणाली. ओरडली नाही. ओरडायला हवे होते.

तिच्या गळ्यातला दोरा मी तोडला आणि बिल्ला मुठीत धरला. तिने अडवले नाही. तिची पावले लगेच स्वच्छ —

काकांनी होडीत मोजणी केली. सात निघायचे होते, सात भरले. बरोबर, म्हणाले, आणि वल्हे उचलले.

मी बांधावर उभी होते. मला कोणी हाक मारली नाही.

दुपार

पाचवा पट्टा. उतरले. वही छातीशी धरून लिहिते आहे. खांब, बांबू, गोठ्याचे दार, सगळे इथे आहे. रांगेत. पालवी फुटलेली.

अकरा जुनी. एकोणचाळीस नवी. कमी पडणाऱ्या एकाची जागा नदीच्या अगदी तोंडाशी —

पाणी गुडघ्यापर्यंत. लाट मोडते आहे. खरेच मोडते आहे. बांध अजून —

पाय हलत नाहीत. भीती कमी आहे. लाज तेवढीच.

बिल्ला माझ्या छातीवर बांधला, टेप मी स्वतःच स्वतःभोवती गुंडाळला. एक सेंटिमीटरही इकडेतिकडे नाही.

क्रमांक २००. घेर ७६. उंची १७०. मुळे आहेत. प्रजाती —