मान हलवणारा मालक

११ ऑगस्ट
हेरॉन्स ही बेसबॉल टीम विकत घेतली त्याला आज तीन महिने झाले. गाद्या विकून मी ओहायोत नाव काढलं, मग चेंडू मारण्यात काय अवघड आहे? तरी मॅनेजर लोनी प्रुइट मला सांगतो की साहेब, खेळाडूंच्या बाकाकडे येत जाऊ नका, पोरं बिचकतात. मूर्ख.

१४ ऑगस्ट
आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, रूबेन ओचोआ. वय अडतीस, गुडघे कुरकुरतात. तो मैदानात उतरला की अख्खं गाव उठून उभं राहतं. मी आलो की पॉपकॉर्न आणायला उठतं. गावंढळ लेकाचे.
वर शेवटच्या मॅचला त्याच्या डुगडुगत्या मानेच्या बाहुल्या फुकट वाटायच्या, असं जुना मालक ठरवून गेलाय. टीम कोणाची? कॅचरची?

१५ ऑगस्ट, सकाळी
बाहुली माझी करायची. ठरलं. ऑफिसातल्या व्हर्नाबाईंनी चष्मा काढून विचारलं, अहो, पण लोक ती घेऊन करणार काय? बाईंना दूरदृष्टी नाही.

१९ ऑगस्ट
ओचोआला काढला. कारण गुडघे. टाळ्यांचा काही संबंध नाही. जाताना हात मिळवून म्हणाला, पोरांवर ओरडू नका, त्यांचा हात आखडतो. मला शिकवतो!

२६ ऑगस्ट
बाहुलीचा नमुना आला. पोट उगाच मोठं केलंय. आणि मान वर-खाली हलायची ती आडवी हलते, नाही-नाही म्हटल्यासारखी. बदलायला वेळ नाही म्हणे. असू दे, विनय दिसतो.

३१ ऑगस्ट
ओचोआ गेल्यापासून सात मॅच हरलो. लोनीचा दोष. आता शेवटची जिंकली तरच प्ले-ऑफ. गावाने नऊ वर्षं वाट पाहिलीय. माझ्यामुळे मिळणार.

२ सप्टेंबर, दुपारी १
स्टेडियम फुल्ल! दारात बाहुली घेताना लोक हसत होते. आनंदाने.

२ सप्टेंबर, दुपारी ४
नवातला आठवा डाव. आपण ४-१ ने पुढे. आत्ता सगळे उठून उभे राहिले! आली अक्कल एकदाची. मी मालकाच्या काचेच्या बॉक्समधून हात हलवला.
खाली ओचोआ तिकीट काढून आलाय. हॉटडॉग हातात. लोक त्याच्याकडे बघताहेत.
एक बाहुली माझ्या काचेवर आपटली. निसटली असेल कोणाच्या हातातून.

३ सप्टेंबर
निसटली नव्हती. हजारो आल्या. मैदान माझ्या तोंडांनी भरून गेलं. अंपायरने दोनदा बजावलं, कोणी ऐकेना. शेवटी ओचोआ कठड्यावर चढून ओरडला, अरे बस करा, पोरांची मॅच आहे! तेव्हा कुठे थांबले. पण उशीर झाला होता. यजमानांच्या प्रेक्षकांनी खेळ बंद पाडला की यजमान हरले, असा नियम. प्ले-ऑफ गेली.
लोनी राजीनामा देऊन गेला. पोरं बाकावर बसून रडत होती. व्हर्नाबाई झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, लोक काय करणार ते कळलं हो मला.

४ सप्टेंबर
एक बाहुली शाबूत राहिली. टेबलावर ठेवलीय. ऑफिसात दुसरं कोणी नाही. तिच्या डोक्याला टिचकी मारून विचारलं, चूक माझी होती का? मान हलवली. नाही. समजूतदार आहे.
मग विचारलं, लोक पुढच्या वर्षी येतील ना?
मान अजून हलतेच आहे.